मामूंचे तीन सीझन

"साबुदाणा नका नेऊ काकू, या खेपेचा चिकट निघाला," असं म्हणून गिऱ्हाइकाची पिशवी रिकामी परत करणारा दुकानदार तुम्ही पाहिला नसेल, तर तुम्ही शहागंजात कधी किराणा भरलेला नाही. काकू मात्र परत जात नाहीत. त्या स्टुलावर टेकतात, गुडघा चोळतात आणि वीस मिनिटांनी दोन किलो शेंगदाणे, पावशेर जिरं आणि समोरच्या वाड्यातलं मोडलेलं लग्न एवढं घेऊन उठतात.

असे मामू शहागंज, चेलीपुरा, राजाबाजार या भागात गल्लीगणिक एक. खरं नाव पाटीवर असतं. पण पाटीसमोर झाडू, सुतळ्या आणि वेफर्सच्या माळा लटकत असल्यानं ते कुणी वाचलेलं नसतं. माझ्या आजोबांच्या वेळी गादीवर होते तेही मामू, आता त्यांचा मुलगा बसतो तोही मामू. ही पदवी गादीबरोबरच मिळते. निम्मा व्यवहार 'हौ' आणि 'नक्को' यांवर चालतो, उरलेला मराठीत. कुणी फारच घासाघीस करू लागलं, की मामू एकदम अदबशीर उर्दूत शिरतात. त्या भाषेत भाव पाडायची कुणाची छाती होत नाही.

शिवाय ते बातमीदार. ज्या गावात मलिक अंबरानं सतराव्या शतकात नहरीचं पाणी खेळवलं, त्या गावात आज नळाला पाणी कधी येणार हे मामूंना विचारावं लागतं. कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी धुण्याचा साबण खपतो, यावरून त्यांनी वेळापत्रक बसवलंय. चुकत नाही.

मामूंच्या घरी दिवाळीची चकली होत नाही, पण आमच्या गल्लीतल्या तमाम चकल्यांची कुंडली त्यांच्यापाशी. माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा भाजणीचं सामान आणायला गेली, तेव्हा यादी वाचून मामूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "उडीद डाळ अर्धा किलो? सासूबाई पाव किलो न्यायच्या. गेल्या साली तुमच्या जाऊबाईंनी जास्त नेली होती. कशा झाल्या, विचारा घरी." घरी विचारायची सोय नव्हती. तिनं पाव किलोच आणली. पुढे रमजान ईदला शीरखुर्म्याचा डबा आला. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून आईनं मुद्दाम चकल्या पाडून त्यात भरल्या. मामूंनी एक उचलली, कानाशी धरून मोडली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "हौ. आता जमलं."

मागच्या सुट्टीत पुण्याची भाची आली. तिनं दुकानात तासभर बसून सगळं पाहिलं. "मामू, तुमच्यावर सिरीज निघेल! कॅनडात टोरांटोला एक कोरियन माणूस असंच दुकान चालवतो. 'किम्स कन्व्हीनियन्स'. आधी त्याचं नाटक होतं, मग २०१६ पासून पाच सीझन चालली."

"पाच सीझन?" मामू हबकले. "आमच्याकडे तीनच. रमजान, गणपती, दिवाळी. संस्थान गणपतीपासून मिरवणूक निघाली की माझा दुसरा संपला. बरं, तो उधार देतो?"

"तिकडे कार्डानं देतात, मामू."

"उधारी नाही? मग पाच सीझन दाखवतो काय?"

बरोबरच आहे. मामूंच्या दुकानातलं खरं कथानक त्या लाल लांबोडक्या वहीत आहे. तिच्यात नावं नसतात. 'नळाशेजारची खाला', 'कविता करतो तो', 'दोन मुली, एक गाय' अशी खाती असतात. हल्ली मोबाइलच्या पैशांचा पुकारा करणारा डबाही आलाय, पण मामूंनी त्याच्या तोंडावर फडकं बांधून ठेवलंय. कुणी दहा रुपयांची चहापत्ती नेली, हे चार लोकांत ओरडून कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं.

आता घड्याळाचं सांगतो. शहागंजच्या मनोऱ्यावरचं ते निजामाच्या काळातलं घड्याळ कैक वर्षं बंद होतं. 'घड्याळ चालू झालं की देतो' ही तेव्हा उधारीची सर्वमान्य मुदत होती, आणि मामूही खुशाल मान डोलवून वहीत लिहायचे. मग स्मार्ट सिटीचं काम निघालं. मनोऱ्याभोवती परांची चढली, डागडुजी झाली, काटे फिरू लागले. गल्लीत सन्नाटा. आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर तर दुसऱ्या दिवसापासून दुकान टाळून, लांबच्या गल्लीला वळसा घालून भाजी आणू लागले. पावसात, छत्री तोंडावर धरून.

तिसऱ्या दिवशी मामूंचा पोरगा मास्तरांच्या दारात. हातात नेहमीची साखर, नेहमीची चहापत्ती.

"अब्बांनी सांगितलंय," पोरगा म्हणाला, "घड्याळ पाच मिनिटं मागं आहे. अजून वेळ झाली नाही."