दोन राशी, एक भिंत

“काय वैनी, रात्री भिंतीवर ताटं मांडलेली दिसली. पाव्हणे येऊन गेले की काय, आम्हाला पत्ताच नाही!”

“पाव्हणे कुठले माय! लेक आलीय. नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंगला हाय न्हवं, तिचा अभ्यास चाललाय.”

“ताटांवर?”

“इचारा तर! म्हणली, आपल्या बोअरचा स्टार्टर बी यंत्रच. पण चालू का बंद, एवढंच त्याच्या ध्यानात. आज कितव्यांदा दाबला, त्याला काय ठावं? त्याच्या वरचं यंत्र म्हणजे ताटांची रास. ठेवायचं तेबी वर, उचलायचं तेबी वरचंच. कंस उघडला की ताट ठेव, मिटला की उचल. शेवटी रास सरली की हिशेब जुळला.”

“मग अडलं कुठं?”

“पंगतीला आधी लाडू आले, मग केळी, मग पानं. तिन्ही सारखीच हायेत का सांगा. लाडवाला ताट ठेवलं, केळ्याला उचललं. पानं यायच्या टायमाला रास रिकामी!”

“मग दुसरी रास घ्यावी की.”

आतून लेक वरडली, “काकू, पास झालात!” आणि पदर खोचल्यासारखी ओढणी खोचून भिंतीशी आली. “एका राशीवरलं उचलून दुसरीवर ठेवत गेलं, तर काहीच हरवत नाही. मागं-पुढं कुठंही जाता येतं, वाचता येतं, बदलता येतं. हेच ट्युरिंगचं यंत्र. तिसरी रास घेतली तर काम भराभर होईल, पण जे मुळात जमत नव्हतं ते जमणार नाही.”

“हा ट्युरिंग कोण?”

“इंग्लंडचा. कुठलंही गणिती विधान ठराविक रीतीनं तपासता येईल का, असं हिल्बर्ट नावाच्या गणितज्ञानं इचारलं होतं. १९३६ साली यानं यंत्र कल्पून ‘नाही’ म्हणलं. अमेरिकेत चर्च नावाच्या गणितज्ञानं त्याच साली ‘नाही’च म्हणलं, पण यंत्र नाही, नुसती फलनं. दोन्ही रीतींची ताकद सारखीच निघाली. मग ट्युरिंग चर्चकडंच शिकायला गेला, प्रिन्स्टनला.”

“म्हणजे सोयरीक जमली म्हणा! बरं वैनी, त्या डावीकडल्या राशीत तळाला आमचं नाव कोरलेलं ताट हाय. महालक्ष्म्यांपासून शोधायलेय मी.”

“अगं बाई! काढते. पण वरली बारा ताटं तुमच्या बाजूला घ्या.”