कोडगा बॉसवेल

जेम्स बॉसवेलला व्यसनं बरीच होती, पण सगळ्यात दांडगं व्यसन थोरामोठ्यांच्या ओळखीचं. श्रीमंत घरची तरुण पोरं युरोपात जात ती चित्रं नि पुतळे पाहायला. हा 1764 साली आजच्या स्वित्झर्लंडातल्या मोतिए गावी रूसोच्या दारात. रूसो आजारी, पाहुण्यांना कंटाळलेला. यानं चिठ्ठी लिहून आपली शिफारस आपणच केली नि आत शिरला. मग व्हॉल्तेअर. पुढच्या वर्षी कॉर्सिकात जाऊन बंडाचा पुढारी पाओली. त्या प्रवासावरचं पुस्तक 1768 साली निघालं, खपलंही. दुसऱ्या वर्षी शेक्सपिअरच्या गावी उत्सव भरला, तिथे स्वारी कॉर्सिकन वेशात हजर!

पण सगळ्यात मोठं सावज लंडनात होतं. कोशकार सॅम्युअल जॉन्सन. त्याचा स्कॉटिश लोकांवर दात, आणि बॉसवेल स्कॉटिश. 16 मे 1763 रोजी एका पुस्तकविक्रेत्याकडे गाठ पडली. माझा मुलूख सांगू नका, असं यानं विनवलं; विक्रेत्यानं नेमकं तेच सांगितलं. स्कॉटलंडात जन्मलो याला माझा काय इलाज, असं बॉसवेल काकुळतीनं म्हणाला, तर जॉन्सननं त्याच्यासकट अख्ख्या स्कॉटलंडची काढली. दुसरा असता तर पुन्हा तोंड दाखवलं नसतं. हा आठवडा उलटतो न उलटतो तोच जॉन्सनच्या घरी दत्त म्हणून उभा.

मग सुरू झाले प्रश्न. तान्ह्या बाळासोबत गढीत एकटेच कोंडले गेलात तर काय कराल? पिळलेल्या संत्र्यांच्या साली खिशात कशाला घालता? त्या साली खरवडून, नीट तुकडे करून टेबलावर ठेवलेल्या यानं पाहिल्या होत्या. वाळल्यावर पुढे त्यांचं काय होतं, ते जॉन्सननं शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते न सांगणंही यानं टिपून ठेवलं.

1773 साली तर त्यानं त्रेसष्टीच्या जॉन्सनला थेट स्कॉटलंडात, हेब्रिडीज बेटांवर फिरवून आणलं. घरी बायकोचा जीव मेटाकुटीला आला. मेणबत्ती नीट जळेना की पाहुणे ती उलटी धरणार, मेण गालिच्यावर. अस्वलानं दरवेशी फिरवलेला आपण प्रथमच पाहतोय, अशा अर्थाचं ती नवऱ्याला बोलली. नवऱ्यानं तेही छापलं.

कारण बॉसवेल काहीच वाया जाऊ देत नसे. एक तारीख पक्की करायला अर्धं लंडन पालथं घालायचा. जॉन्सन 1784 साली गेला. इतरांनी चरित्रं उरकून बाजारात आणली, हा कागद चाळत बसला. आपला पाणउतारा झाला की चारचौघं तो गिळतात. यानं तो तारीखवार लिहिला. जॉन्सनची जीभ आज ऐकू येते ती त्यामुळे. फटके खायला कुणीतरी समोर हवंच होतं.

तुझ्याकडे विषय दोनच, एक तू नि एक मी, आणि दोन्हींचा मला वीट आलाय, असं जॉन्सननं त्याला एकदा सुनावलं होतं. 1791 साली चरित्र निघालं, 16 मेचाच मुहूर्त साधून. खंड दोन.