साहेबाचा वाटाणा

मुलीकडे नाहीतर मुलाकडे परदेशात राहून आलेला गृहस्थ प्रत्येक गल्लीत एक असतोच, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. आमच्या केडगावचे तात्या त्यांतलेच. (केडगाव म्हणजे नगरचं, रेणुकामातेचं. दौंडजवळचं नव्हे. हे दरवेळी सांगावं लागतं.) बाकीचे लोक तिकडून आले की रस्ते, शिस्त आणि रांगा यांवर बोलतात. तात्यांना त्यांतल्या कशाचंच काही वाटलं नाही. ते मुलीकडून, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमहून, एकच गोष्ट डोक्यात घेऊन आले : मशी पीज.

"वाळलेला वाटाणा. चांगला टपोरा. रात्रभर भिजत घालतात, सोडा टाकून. सकाळी शिजवतात, पार लगदा होईस्तोवर. इथपर्यंत साहेब बरोबर आहे." मग तात्या थांबतात, चष्मा काढतात. "आणि तसाच ताटात वाढतात! फोडणी नाही!"

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. तिथेच चुकलं, असं बायकोचं मत आहे. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक गोष्टीला तात्यांनी ही एकच फूटपट्टी लावली. अमरधामला दशक्रियेचं प्रवचन रंगात आलेलं, सगळे माना खाली घालून बसलेले, आणि तात्या माझ्या कानाशी : "महाराजांचा अभ्यास आहे, पण फोडणी नाही." महापालिकेच्या प्रचारसभेत उमेदवाराने पाणी, गटार, दिवे असं सगळं शिस्तीत सांगितलं, तात्यांनी घरी जाता जाता निकाल दिला, "मशी पीज." तो पडला. आता याचा तात्यांशी संबंध नाही हे मला कळतं, पण गल्लीत तात्यांचा भाव वाढला. शेजारच्या मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा तर बायोडेटा थेट त्यांच्याकडेच वाचायला पाठवला. त्यांनी पुरवणीसारखा उलटसुलट करून पाहिला. शिक्षण आहे, पगार आहे, पुण्यात फ्लॅट आहे. "पण मशी पीज." स्थळ मोडलं. त्या मुलाला आपल्यात काय कमी पडलं हे आजतागायत कळलेलं नसणार.

नवरात्रात देवीची यात्रा भरली की त्यांना आणखी जोर चढतो. कारण नॉटिंगहॅमची गूज फेअर नावाची जुनी जत्राही त्याच सुमारास भरते, आणि तिथे पाळण्यांच्या सावलीत लोक वाट्या हातात धरून हेच वाटाणे खातात. वर पुदिन्याची चटणी. "पुदिना म्हटल्यावर मला वाटलं, आला बाबा माणसात. तर तो व्हिनेगर आणि साखरेत कालवलेला! मिरची कुठाय? मी विचारलं मुलीला. ती म्हणाली, तात्या, हळू बोला." तिकडच्या फिश-अँड-चिप्सच्या दुकानातल्या वाटाण्याला कधीकधी हिरवा रंगही घालतात, कारण वाळवून शिजवला की त्याचा मूळ रंग मळकट होतो, हे कळल्यावर तर तात्यांना त्या देशाची दयाच आली.

त्या मानाने आपला वाटाणा, आपला रगडा, आपली उसळ! हे भाषण त्यांनी एकदा किराणा दुकानात केलं. दुकानदार वजन करता करता म्हणाला, "तात्या, आपला कुठला? कॅनडाचा आहे हा. नाहीतर रशियाचा." खरं होतं. २०१७ च्या नोव्हेंबरात सरकारने पिवळ्या वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क लावलं होतं. २०२३ च्या डिसेंबरात ते उठवलं आणि बाहेरचा वाटाणा बोटी भरभरून आला. बाजारात ज्याला आपण पांढरा म्हणतो तो हाच. तात्या क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "असू दे. फोडणी तर केडगावची आहे ना?" या माणसाला हरवता येत नाही.

मी त्यांना टाळायला लागलो होतो. दूध आणायची वेळसुद्धा बदलली. पण गेल्या दिवाळीत पुणे रोडच्या मिसळीच्या दुकानात गाठ पडलीच. सोबत माझा भाचा होता, लंडनहून सुट्टीवर आलेला. तात्यांना खूश करावं म्हणून तोच म्हणाला, "काका, ते मशी पीज म्हणजे भयंकर प्रकार. आम्ही लंडनवाले शिवत पण नाही. तो तिकडचा उत्तरेकडच्या मजुरांचा चोथा."

मला वाटलं, आता तात्या त्याला दत्तक घेणार.

तात्यांनी पाव खाली ठेवला. "मजुरांचा म्हणजे? गिरणीतला माणूस, खाणीतला माणूस काय खाणार? मासा, बटाटा, वाटाणा. स्वस्त, गरम, पोटाला आधार. महायुद्धात साहेबाने लोणी, साखर, मटण सगळ्याला रेशन लावलं; मासे आणि बटाट्याला हात लावला नाही. उगाच? तुला काय ठाऊक रे शिफ्ट म्हणजे काय?"

भाचा आयटीत आहे. शिफ्ट त्यालाही ठाऊक असणार, पण तो बोलला नाही.

तात्यांनी उभी हयात एमआयडीसीत लेथवर काढली. सेकंड शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या गाडीवर उसळ-पाव. मुलगी तिकडे हॉस्पिटलात नर्स आहे. "रात्री नवाला यायची. येताना कोपऱ्यावरून पुडा घेऊन. अंगातला कोटसुद्धा काढायची नाही, ओट्याशी उभी राहून तो वाटाणा चमच्याने खायची. निम्मा झाला की मग माझ्याशी बोलायची. मीही असाच यायचो. तिची आई म्हणायची, आधी खाऊ द्या त्यांना." हे सगळं त्यांनी वाटाण्याचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि लगेच पोऱ्याला हाक मारली, "तर्री आण रे."

अर्थात यामुळे त्यांची मतं काही बदललेली नाहीत. परवा पुन्हा गाठलं. उन्हाळ्यात परत निघालेत. मोहरी, हिंग, कढीपत्ता वाळवून ठेवलाय. लोखंडी पळी नवी घेतलीय, लांब दांड्याची. विमानात ती हातातल्या बॅगेत नेता येते का, हे त्यांना विचारायचं होतं.

मी म्हटलं, "नाही नेऊ देणार. मोठ्या बॅगेत टाका."

"आणि मोठी बॅग हरवली तर?"