शांतता राखा, शूटिंग सुरू आहे

तालुक्याच्या गावात ग्रंथपालाला कोणी ग्रंथपाल म्हणत नाही. मुखेडात तर नाहीच. ते ‘लायब्ररीवाले सर’. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेन उशिरा पुस्तक आणणाऱ्यासाठी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पुस्तक कपाटात असलं की सुखरूप आणि वाचकाच्या हातात गेलं की धोक्यात, ही त्यांची नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनची समजूत. त्या समजुतीपायी त्यांनी इतकी वर्षं पुस्तकं लोकांपासून जपली. आणि आता लोकच येईनात म्हणून त्यांना बोलावून आणायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं.

तसं पाहिलं तर वाचनालय रिकामं नसतं. सकाळी सातला टेबलं भरतात. पण ती पोरं तलाठी भरतीची, पोलीस भरतीची. त्यांना पंखा लागतो, चार्जिंगचा पॉइंट लागतो आणि शांतता लागते. कादंबऱ्यांच्या कपाटांकडे पाठ करून ती दिवसभर चालू घडामोडी घोकतात. देवघेव रजिस्टरचं एक पान महिनाभर पुरतं.

अशात नांदेडच्या एका कार्यशाळेत कोणीतरी सांगितलं की काळ व्हिडिओचा आहे, वाचनालयांनी रील टाकले पाहिजेत. सर परतीच्या एसटीतच कामाला लागले. पगार अनुदानातून निघणारा, म्हणजे चारचौघांत आकडा सांगू नये असा. त्यातूनच रिचार्ज मारून त्यांनी कॅन्व्हा उतरवून घेतलं. त्यात ‘वाचनालय’ शोधलं तर लाकडी जिना, शेकोटी आणि गुडघ्यावर मांजर घेऊन वाचणारी एक गोरी बाई आली. सरांनी तीच घेतली, खाली ‘वर्गणी वेळेवर भरावी’ असं टाकलं आणि ग्रुपवर सोडून दिली. दुसऱ्या दिवशी पोरं विचारू लागली, “सर, ह्या मॅडम कधी जॉइन झाल्या?”

मग पहिला रील. साठ सेकंदांचा. सरांना कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची सवय. त्यामुळे सुरुवात १७ सप्टेंबर १९४८ ला, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं तिथून. पुढे १ मे १९६०. पुढे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा, आणि आपल्याआधी मद्रासने १९४८ साली असा कायदा कसा केला तेही, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या नावासकट. तोवर चाळीस सेकंद गेले. उरलेल्या विसात अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि सगळे संचालक, प्रत्येकाचा फोटो गोल चौकटीत, हात जोडलेला. बसस्थानकासमोरच्या वाढदिवसाच्या बॅनरमध्ये आणि ह्या रीलमध्ये फरक एवढाच की बॅनरवर केक असतो. पुस्तक कुठं आलंच नाही. पण संचालक मंडळ खूश झालं. सरांचा हा एकमेव रील आहे जो मंडळाच्या बैठकीत एकमताने मंजूर झालाय.

फोटोंची गंमत वेगळी. वाचन प्रेरणा दिन असो, मराठी भाषा गौरव दिन असो, केल्याचा पुरावा म्हणून फोटो पाठवावा लागतो. म्हणून सरांच्या फोनमध्ये जीपीएस मॅप कॅमेरा कायमचा चालू. प्रत्येक फोटोवर अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि नकाशा. ‘वाचाल तर वाचाल’ म्हणत पुस्तक उंचावलेली पोरगी छातीपासून खाली दिसतच नाही. तिथं मुखेड, नांदेड, महाराष्ट्र, भारत.

काइनमास्टरच्या फुकट्या आवृत्तीत व्हिडिओच्या कोपऱ्यात त्या ॲपचं नाव उमटतं. पोरांनी सांगितलं, सर, हे काढता येतं. सरांना ते काढायचं कारणच कळेना. उलट कंपनीचा हा शहाणपणा त्यांना फार आवडला. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर आणि मग आत सतराव्या पानावर गुपचूप वाचनालयाचा गोल शिक्का मारायचा, म्हणजे चोर पहिलं पान फाडून पळाला तरी सापडतो, ही त्यांची जुनी रीत. त्यांनी शिक्क्याचा फोटो काढला आणि आता त्यांच्या प्रत्येक व्हिडिओत सतराव्या सेकंदाला तो जांभळा शिक्का डोळ्यांसमोरून जातो. फोनमधल्या क्लिपांचे फोल्डरही ड्युईच्या ग्रंथ-वर्गीकरणाच्या आकड्यांनी लावलेत. मराठी साहित्यावरचं सगळं ८९१.४६ मध्ये. घरच्या बारशाचे फोटो कुठं टाकायचे ह्यावर अजून विचार चालू आहे.

एकदा ड्रोनही झाला. लग्नाचं शूटिंग करणारा एक पोरगा वर्गणीच्या बदल्यात तयार झाला. वरून वाचनालयाचे पत्रे आणि शेजाऱ्याने वाळत घातलेलं सोयाबीन छान आलं. पण त्याच्याकडचे सगळे इफेक्ट लग्नाचे. ज्ञानकोशाच्या खंडांवर गुलाबपाकळ्या पडल्या, दोन कपाटं दोन बाजूंनी सरकत एकमेकांजवळ आली आणि मध्ये हृदय फुटून ‘सभासद व्हा’ ही अक्षरं निघाली. पाठीमागे डीजे. आणि भिंतीवर, डीजेच्या बरोबर वर, ‘शांतता राखा’ची पाटी. एका आजोबांनी मात्र नेमकं तेवढंच पाहिलं होतं: “सर, व्हिडिओत सगळ्या कपाटाला कुलूप कामून हाय?”

क्यूआर कोडचं सांगत नाही फार. तो दारावर लागला, सायकल टेकवून एक जण आत आला आणि म्हणाला, “किती मारू सर? वर्गणी का दंड?”

फ्रान्समधल्या बोर्दो गावातलं मोला हे पुस्तकांचं दुकान मुखपृष्ठावरचा चेहरा माणसाच्या धडावर जुळवून काढलेल्या फोटोंनी जगभर गाजलं. सरांनी तेही केलं. लोकमान्यांची पगडी बसली, पण मिशीखालून सरांची मिशी निघाली.

मला विचाराल तर ह्या सगळ्या खटाटोपाचा फायदा एकालाच झाला. साठ सेकंदांत पुस्तकाबद्दल काय बोलायचं ते समजायला पुस्तक वाचावं लागतं. सर वाचू लागले. आजवर दाखल क्रमांकाने ओळखीची असलेली पुस्तकं त्यांना आता गोष्टीने ओळखू येऊ लागली, आणि टेबलापाशी गेलं तर सर मान वर करून “काय पाहिजे?” असं चिडून विचारू लागले.

गेल्या महिन्यात त्यांनी एका जुन्या रहस्यकथेवर व्हिडिओ केला. वाडा, पाऊस, बंद खोलीत प्रेत, नायक कंदील घेऊन जिना चढतो, आणि सर थांबले. म्हणाले, “पुढचं कपाट क्रमांक चारमध्ये.” इतिहास नाही, मंडळ नाही. पहिल्यांदाच तो व्हिडिओ बसस्थानकापर्यंत गेला.

सकाळी कुलूप उघडायच्या आत मुखेड आगाराचा एक कंडक्टर पायरीवर.

“सर, रात्री डोळ्याला डोळा न्हाई. खून कुणी केला तेवढं सांगा.”

“पुस्तक न्या की. वाचा.”

“टाइम कुठाय? साडेसातची देगलूर हाय मला. सांगून टाका.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कपाट उघडलं, पुस्तक काढलं आणि शेवटून उघडून कंडक्टरसमोर धरलं. नायक जिना चढतो तिथं पान संपत होतं. पुढं नुसता दोरा आणि डिंक.

“म्हणजे तुमालाबी म्हाईत न्हाई?”

“असतं तर थांबलो असतो व्हय मी?”

दोघं जरा वेळ त्या दोऱ्याकडे बघत राहिले. मग कंडक्टरने तिकिटाच्या मशीनचा पट्टा खांद्यावर चढवला. “देगलूरला अर्धा तास गाडी थांबती. तिथल्या वाचनालयात बघू का?”

“बघा,” सर म्हणाले आणि एका चिठ्ठीवर लाल पेनानं पुस्तकाचं नाव लिहून दिलं. “सापडलं तर शेवटच्या पानांचे फोटो काढा. आणि ते जीपीएस तेवढं बंद ठेवा, नाहीतर खुन्याचं नाव नकाशाखाली जाईल.”