पाठमोरा आरोपी

डोंबिवलीत स्कूटर एकाच्या नावावर असते आणि चालवतं अख्खं घर. आमची नानांच्या नावावर आहे. नाना ऐंशीच्या घरात आले, गुडघ्यांनी रजा घेतली, आता ते रिक्षात चढायलाही हात मागतात. तरी सरकारदरबारी आमच्या घरातला सगळ्यात बेफाम माणूस म्हणजे नानाच. घरडा सर्कलला सिग्नल तोडतात नाना, फडके रोडवर भलतीकडे गाडी लावतात नाना, कल्याण-शीळ रस्त्यावर हेल्मेटशिवाय सुसाटतात तेही नानाच. दर वेळी मेसेज त्यांच्याच मोबाइलवर येतो आणि ते तो मोठ्याने वाचून दाखवतात. आवाजात राग कमी, अभिमान जास्त.

याला कारण आहे. चौकात पोलीस गाठायचा तेव्हा माणूस समोर असायचा. ‘साहेब, स्टेशनलाच चाललोय, पाहुणे खोळंबलेत’ वगैरे गयावया करायला वाव होता. कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, आणि प्लेटमागे आरटीओच्या दप्तरात मालक असतो. त्यामुळे चलन गाडीला चिकटतं, चालवणारा मोकळा. मग राहतो तो फोटो. तोही पाठमोरा!

आमच्याकडे मग रीतसर चौकशी बसते. अध्यक्ष आई. तिला लायसन्स नाही, पण पाठ ओळखण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. फोटो दोन बोटांनी मोठा करते. ‘हेल्मेट कोपरात अडकवलंय, म्हणजे बंड्या.’ बंड्या म्हणतो, तो शर्ट दादाचा. दादा म्हणतो, शर्ट माझा असला तरी त्या दिवशी आत मी नव्हतो. वहिनीला हुकाला लटकलेली कोथिंबिरीची पिशवी दिसते आणि खटला भलत्याच दिशेला जातो, कारण कोथिंबीर आणायला कोण गेलं होतं हे साऱ्या घराला ठाऊक असतं. शेवटी नाना म्हणतात, ‘जाऊ द्या, भरून टाका.’ भरत मात्र कुणीच नाही. लोकअदालतीची नोटीस येईल, तिथे काहीतरी सूट मिळेल, या आशेवर आमच्यासारखी कितीतरी सज्जन कुटुंबं जगत असतात. मध्ये एकदा व्हॉट्सॲपवर ‘तुमचे चलन’ अशी एक फाइल आली. ती उघडली की बँकेतले पैसे जातात म्हणे. नानांनी उघडली नाही. खरी चलनंच उघडत नाहीत, खोटी कशाला उघडतील?

माझा मावसभाऊ कल्याणचा, आता सिडनीत. पत्रीपुलाच्या कोंडीत ज्याने बाइकचं पुढचं चाक दोन रिक्षांमधून सुरीसारखं घालायचं कसब कमावलं, तो आता निर्मनुष्य रस्त्यावर लाल दिव्यापुढे समाधी लावून बसतो. दंडाला तो भीत नाही, पगार बरा आहे. भितो गुणांना. शाळेत गुण मिळत नाहीत म्हणून मार खाल्ला, तिथे मिळतात म्हणून घाम फुटतो! प्रत्येक चुकीचे गुण माणसाच्या लायसन्सवर साठतात. नेहमीचं लायसन्स असेल तर तीन वर्षांत १३ झाले की ते काही महिन्यांसाठी थंड. गाडी चालवताना हातात फोन दिसला की ५. आणि नाताळ, ईस्टर अशा सुट्ट्यांच्या दिवसांत तेच दुप्पट, म्हणजे १०! आपल्याकडे सणाला बोनस देतात, तिथे हे देतात.

आपला कायदा असा हप्त्याहप्त्याने जात नाही. २०१९च्या दुरुस्तीनुसार हेल्मेट नसेल किंवा दुचाकीवर तिघे असतील, तर दंड तर आहेच, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. पहिल्याच फटक्यात. ही दुरुस्ती त्या वर्षी १ सप्टेंबरला देशात लागू झाली. महाराष्ट्राने मात्र, विधानसभा निवडणूक तोंडावर असल्याने म्हणा किंवा जनतेच्या कळवळ्याने म्हणा, तिला सिग्नलवर थांबवून ठेवलं, ते डिसेंबर २०२१पर्यंत. नंतर हेल्मेटचा दंड आपल्याकडे ५०० रुपये झाला. मानपाडा रोडवर कुणाला विचारा, ५०० सांगेल. त्या तीन महिन्यांचं विचाराल तर तो तुम्हाला नवखा समजून स्टेशनचा रस्ता दाखवेल.

मला स्वतःला गुणांची पद्धत पसंत आहे. पैसा कोण भरतो हे गुण विचारत नाहीत, कोण चालवत होतं एवढंच विचारतात. पण ती इथे आली तर किती एकत्र कुटुंबं शाबूत राहतील, सांगता येत नाही. परवा जेवताना मी हा विषय काढला मात्र, बंड्याचं डोकं लगेच चाललं. पंचावन्नच्या पुढे लायसन्स दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, डॉक्टरचा दाखलाही लागतो. ‘नाना, तुमचं संपत आलंय ना? मी नेतो तुम्हाला.’ या मुलाने नानांना आजवर दाढदुखीलाही कुठे नेलेलं नाही.

म्हणून मी त्याला मार्कस आइनफेल्ड यांची गोष्ट सांगितली. हे ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. जानेवारी २००६ मध्ये सिडनीत कॅमेऱ्याने त्यांची गाडी पकडली. ५०च्या जागी ६०. दंड अवघा ७७ डॉलर, पण सोबत गुण. त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं की गाडी आपली एक मैत्रीण, प्राध्यापिका टेरेसा ब्रेनन, चालवत होती. एका वार्ताहराने शोध घेतला तर बाई २००३ मध्येच वारलेल्या. साहेबांनी मग सांगितलं, त्या नव्हेत, त्याच नावाच्या दुसऱ्या. २००९ मध्ये, वयाच्या सत्तरीत, खोट्या शपथेपायी ते तुरुंगात गेले.

सगळे गप्प झाले. बंड्याने नानांकडे आणि नानांनी बंड्याकडे पाहिलं. आई आमटी वाढत होती. ‘एवढा मोठा जज्ज,’ ती म्हणाली, ‘आणि त्याला गेलेलीच बाई सापडली?’

‘जिवंत कोण कबूल होईल?’ वहिनी म्हणाली आणि कोथिंबिरीची वाटी दादापुढे सरकवली.