अश्वाचा लसदाखला

वसईच्या पूर्वेस महामार्गालगत पसरलेले तुंगारेश्वर अभयारण्य २००३ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर असून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांना जोडणारा ‘भ्रमणमार्ग’, म्हणजे वन्यप्राण्यांनी एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याची वाट, अशी त्याची शास्त्रीय ओळख आहे. या वाटेवर सर्वाधिक भ्रमण कोण करते याची पाहणी श्रावणी सोमवारी केल्यास शास्त्राला काही दुरुस्त्या कराव्या लागतील.

अमेरिकेच्या सरकारी वनांत पदभ्रमण करणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी आखीव पायवाटा असतात, घोडे बांधण्याची सोय असलेले तळही असतात, आणि तेथील संकेत असा की सायकलस्वाराने या दोघांना वाट द्यावी व पायी चालणाऱ्याने घोड्याला, कारण बुजलेला घोडा कुणाचेच ऐकत नाही. तुंगारेश्वर फाट्यापासून अभयारण्यातल्या शिवमंदिरापर्यंत हाच अग्रक्रम स्थानिक परिस्थितीनुसार विकसित झाला आहे: पायी जाणारा भाविक दुचाकीला वाट देतो, दुचाकी रिक्षाला, रिक्षा काळ्या काचांच्या गाडीला, आणि ती गाडी ओढ्यात बंद पडली की सगळे मिळून तिला धक्का देतात. घोडा या उतरंडीत कोठेच नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतल्यानंतर या तालुक्यात घोड्याला तोलामोलाचे काम उरले नाही, आणि आता तर त्याचे कार्यक्षेत्र नवरदेवापुरते आकसले आहे.

तरीही एखाद्या वसईकराने घोड्यावरून अभयारण्यात जायचे मनावर घेतलेच, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ त्याच्या स्वागतास सिद्ध आहे. कलम २८ नुसार स्वाराला पर्यटनासाठी परवाना मिळू शकतो; घोडा मात्र याच कायद्यातील ‘पशुधन’ या व्याख्येत उंट, गाढव, याक आणि बदके यांच्या पंगतीला नावानिशी बसवलेला असल्यामुळे, कलम ३३-अ प्रमाणे लस टोचल्याशिवाय त्याला आत नेता येत नाही. पाळीव जनावरांचे रोग रानातल्या प्राण्यांना लागू नयेत हा त्यामागचा हेतू असून त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. विचार करण्याजोगे एवढेच की एक स्पीकर, चार बाटल्या आणि तीन माणसे घेऊन वर चढणाऱ्या दुचाकीचा समावेश पशुधनात होत नाही, आणि त्या तीन माणसांना कोणती लस टोचावी याविषयी कायदा मौन बाळगतो.

तळाविषयीही तसेच. अमेरिकेतील अनेक सरकारी वनांत घोड्याच्या चाऱ्यालाही तणमुक्त असल्याचे प्रमाणपत्र लागते, कारण लिदेतून परक्या गवताचे बी रानात रुजते. इकडचा तळ तीन दगड, काळवंडलेली जमीन आणि २०१८ साली राज्यभर बंदी आलेल्या थर्माकोलच्या ताटल्या यांवरून ओळखावा. कलम ३० अभयारण्यात पेटती आग सोडून जाण्यास मनाई करते, म्हणून उरलेले शीतपेय निखाऱ्यांवर ओतण्याची दक्षता घेतली जाते आणि रिकामी बाटली बहुधा पुराव्यादाखल तेथेच ठेवली जाते.

याच रानातल्या चिंचोटीच्या धबधब्यावर बुडून माणसे मरतात, म्हणून पावसाळ्यात जमावबंदीचे आदेश निघतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात, आणि गर्दीला हा फरक जाणवल्याचे दिसत नाही.

भ्रमणमार्गाचा उलट दिशेने उपयोग झाल्याचे एक उदाहरण मात्र नोंदण्याजोगे आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात वसई किल्ल्याच्या परिसरात एक बिबट्या मुक्कामाला आला. तो तुंगारेश्वरचाच होता की नाही हा प्रश्न गौण ठेवला, तरी त्याने परवाना काढला नव्हता हे निश्चित. संध्याकाळी किल्ल्याकडे फिरायला जाणारे लोक घरी बसले. कलम १४४ ला चिंचोटीत जे वर्षानुवर्षे साधले नव्हते, ते त्याने एकही आदेश न काढता साधले. एप्रिलमध्ये वनखात्याने त्याला पिंजऱ्यात पकडले, आणि किल्ल्यात लग्नाआधीच्या जोडप्यांचे छायाचित्रण पूर्ववत सुरू झाले.