उतारा किती?

घरात काही विकत घ्यायचं ठरलं की ज्याचा फोन न बोलावता येतो, असा एक माणूस तुमच्याही नात्यात असणारच. पंखा घ्या, गादी घ्या, नाहीतर मुलीला स्थळ बघा, तो म्हणणार, "अजून आठ दिवस थांबा." आमच्याकडं हे खातं दाजींकडं आहे. दाजी म्हणजे आमच्या थोरल्या अक्काचे यजमान. राहायला इंदापूर तालुक्यात. बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. ते निवृत्त झाले, लॅब झाली नाही.

लॅबच्या माणसाला कारखान्यात एकच प्रश्न असतो : उतारा किती? शंभर किलो उसातून साखर किती किलो निघाली, तो उतारा. सरकार उसाचा किमान भाव, म्हणजे एफआरपी, ठरवतं तेसुद्धा सव्वादहा टक्के उतारा पाया धरून. बारामती-इंदापूरकडच्या माणसाला स्वतःचा रक्तगट एक वेळ सांगता येणार नाही, पण माळेगावचा उतारा कितीवर गेला आणि सोमेश्वरचा किती, हे तो झोपेत सांगेल. इथवर कुणाची तक्रार नाही. पण दाजी हाच प्रश्न चहाच्या पावडरीला विचारतात. लग्नात जेवून उठले की मांडवाकडं बघत म्हणतात, "आठ लाख घातले. उतारा काय?" भाच्याला दहावीत ब्याऐंशी टक्के पडले, तेव्हा पेढा तोंडात टाकण्याआधी त्यांनी क्लासची फी विचारली आणि मग म्हणाले, "कमी पडला."

आमची मुलगी जन्मली तेव्हा ते दवाखान्यात आले. वजन विचारलं. दोन किलो नऊशे, मी अभिमानानं सांगितलं. "बरं. आन आईचं?" अक्कानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

तर, प्रश्न वॉशिंग मशीनचा होता. आमचं घर बारामतीत, भिगवण रस्त्याच्या आतल्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरी म्हणजे जिथं तुळस आणि मी एका वेळी उभे राहू शकत नाही अशी जागा. बायको बाळंतपणाला माहेरी, निमगाव केतकीला. जाताना तिनं एकच काम सांगितलं होतं : मी बाळाला घेऊन येईन तेव्हा घरात मशीन पाहिजे. तीन महिने हातात होते. मी ते अक्काला फोनवर सहज सांगून बसलो.

तिसऱ्या दिवशी दाजी एसटीतून उतरले. हातात मोजपट्टी, खांद्याला पिशवी, पिशवीत तीन रिकाम्या बाटल्या. बाटल्यांना चिठ्ठ्या लावलेल्या : नळ, बोअर, टाकी. "पाव्हणं, मशीन नंतर. आधी पाणी." दुसऱ्या दिवशी जुन्या सहकाऱ्याकडून एक ब्युरेट मागून आणली आणि आमच्या ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी, प्रयोगशाळा सुरू झाली. बोअरच्या पाण्यात त्यांनी कसलीशी पूड टाकली. पाणी इंदापूरच्या डाळिंबासारखं लाल झालं. मग वरून थेंब, थेंब, थेंब. पाऊण तास मी चहा न पिता उभा. शेवटी एका थेंबाला ते लाल पाणी झटक्यात निळं झालं आणि दाजींच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो आमची मुलगी दाखवली तेव्हाही उमटला नव्हता.

निकाल वाईट होता. पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक सांगतं. आमचं बोअर त्याच्याही वर गेलं होतं. "हितली जमीन काळी, वर ऊस, आन ब्रिटिशांच्या काळापासनं नीरा डाव्याचं पाणी. क्षार कुठं जाणार? तुमच्या बोअरमधी," दाजी म्हणाले. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, साका होतो. तो दुपट्यात बसतो आणि मऊ दुपटं पापडासारखं कडक होतं. हीटरवर क्षारांचा थर चढतो, मग हीटर आधी तो थर तापवतो आणि जमलं तर पाणी. "आमच्या बॉयलरला मी असलं पाणी सोडलं असतं, तर चीफ केमिस्टनं मला चिमणीवर लटकावलं असतं."

मग दुकान. विक्रेता पोरगा विशीतला, गळ्यात पट्टा, तोंडात सगळी मॉडेलं पाठ. त्यानं फ्रंट लोडचं काचेचं दार उघडलं. दाजींनी आत डोकं घातलं. आतून आवाज आला, "उतारा किती?"

"उतारा लागत नाही काका," पोरगा म्हणाला. "आधार आणि पॅन बास. हप्ता लगेच होतो."

सातबारा नव्हे, हे त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. एक युनिट वीज आणि एक लिटर पाणी यांमागं मळ किती निघतो, एवढं साधं दाजींना हवं होतं. पोरगा घामाघूम झाला. पण खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते कुठल्याही जाहिरातीत नव्हतं. फ्रंट लोडला पाणी निम्म्यानं कमी लागतं, धुणं स्वच्छ निघतं. पण त्याला हीटर असतो, वजन साठ किलोच्या पुढं, कारण थरथरू नये म्हणून आत चक्क काँक्रीटचा ठोकळा बसवलेला असतो, आणि नळाला जोर लागतो. आमची टाकी डोक्यावर जेमतेम दहा-बारा फूट. सेमी ऑटोमॅटिक स्वस्त, बादलीनं पाणी ओतलं तरी चालतं, एकाच साबणाच्या पाण्यात दोन घाणे निघतात. पण धुण्याच्या भांड्यातून ओले कपडे काढून पिळायच्या भांड्यात टाकायला माणूस शेजारी उभा लागतो. टॉप लोड मधलं : आपोआप चालतं, जागा कमी घेतं, पाणी मात्र ढोसतं. आणि मशीनवर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात, ओल्यांचे नव्हेत.

सगळं कळलं. घेतलं काहीच नाही. "आठ दिवस थांबू."

पहिले आठ दिवस कालव्याचं आवर्तन यायचं म्हणून. बारामतीच्या नळाला कालव्याचंच पाणी. ते आलं की पुन्हा तपासायचं. पुढचे आठ दसऱ्याच्या सवलतीसाठी. दसऱ्याला सवलत आली, तर दिवाळीला याहून बरी येईल म्हणून. एकदा जिन्यातून उतरताना ते मोठ्यानं म्हणाले, "पाव्हणं, बाळ घरात यायच्या आत उतारा काढून ठेवू, मग काळजी नाही." तळमजल्यावरच्या आजींनी ते ऐकलं. संध्याकाळी त्या भाकरतुकडा, मीठ-मोहऱ्या आणि सात मिरच्या घेऊन वर आल्या. "काढून ठेवून कसं चालंल? बाळ समोर पायजे," म्हणाल्या, "पन तुमच्या पाव्हण्याला कळतंय बरं का." आजींच्या लेखी दाजी तेव्हापासून जाणकार ठरले ते आजतागायत.

शेवटी बायकोचा फोन आला. मी तिला जडपणा सांगितला, काँक्रीटचा ठोकळा सांगितला, टाकीची उंची सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. पलीकडं मुलगी रडत होती.

"पोरगी कडेवर असताना, न वाकता, एका हातानं कपडे टाकता आणि काढता आले पाहिजेत," ती म्हणाली. "असं कुठलं आहे?"

तीन महिन्यांत हा निकष ना मला सुचला होता, ना दाजींना, ना त्या पोराला. ती आमच्या उत्तराची वाट बघत बसली नाही. दुकानात स्वतः फोन लावला, गॅलरीची रुंदी सांगितली आणि साडेसहा किलोचं टॉप लोड ठरवून टाकलं. ती यायच्या आदल्या दिवशी मशीन ॲपे रिक्षातून दारात आलं. ॲपे इथंच, आमच्या एमआयडीसीतल्या पियाजिओच्या कारखान्यात बनते, म्हणून गावाला तिचं अप्रूप नाही. मला त्या दिवशी वाटलं.

दाजींना हे कळल्यावर ते दोन दिवस फोनवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी अक्काला घेऊन थेट घरी. मशीनकडं पाठ करून बसले. चहा घेतला, त्याचा उताराही विचारला नाही. मी मनातून घाबरलो.

मग मशीन पिळायला लागलं. आधी घर्र, मग सूं. दाजींची मान वळली. उठले, झाकणाच्या काचेतून बघितलं आणि ओरडले, "आवं, ही तर आपली सेंट्रिफ्युगल!" पुढची दहा मिनिटं आमच्या गॅलरीत साखर कारखाना चालू होता. भोकाभोकांची गोल टोपली मिनिटाला हजारावर फेरे घेते; मळी भोकांतून बाहेर फेकली जाते, साखरेचा दाणा आत भिंतीला चिकटून राहतो. "मळीच्या जागी पाणी, साखरंच्या जागी झबलं. बाकी काय फरक न्हाई. आधी का न्हाई सांगितलंत?" जणू मी तीन महिने ते लपवून ठेवलं होतं.

लगेच पिशवीतून ताणकाटा निघाला. पिळलेले कपडे फडक्यात बांधून त्यांनी आकड्याला लटकावले. आता वाळल्यावर पुन्हा तोलायचे, म्हणजे उतारा निघेल. मला म्हणाले, "दिवसाची सगळी धुणी सुकी सव्वा किलोबी भरायची न्हाईत. साडेसहाचं मशीन कशाला?"

अक्का इतका वेळ बाळाला मांडीवर घेऊन गप्प होती. तिनं गाठोडं सोडलं आणि एकेक वाळत घालत मोजायला लागली. लंगोट चौदा. दुपटी पाच. झबली चार. टोपडी तीन. "सव्वीस," ती म्हणाली. "किलो काय मोजताय? नग मोजा. हे सकाळपासनंचं. ह्याचे धुतले," तिनं माझ्याकडं बोट केलं, "मग आपल्या दोन्ही पोरांचे धुतले. पाटाला पाणी असलं तर पाटावर, नसलं तर हापशावर. सोड्यानं बोटं फुटायची. तुम्ही शीजनला लॅबमधी, आज रात्रपाळी, उद्या दिवसपाळी. तवा नाही कधी विचारलात, उतारा किती म्हणून."

तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. दाजी काटा हातात धरून उभे. सगळा तालुका टनावर हिशेब करतो, त्यात सव्वा किलोचा सौदा कुठल्या रकान्यात लिहायचा, हे त्या माणसाला बत्तीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी काटा पिशवीत टाकला. खाली पडलेलं एक टोपडं उचललं, झटकलं आणि दोरीवर घातलं. चिमटा उलटा लावला. अक्कानं तो सरळ केला.

जाताना मला जिन्यात थांबवून सांगितलं, मशीनला नळाच्याच पाण्याची लाइन द्यायची, बोअरची नाही. बाळाच्या कपड्यांना पावडर थोडी, खळबळणं दोनदा. वासाचं औषध अजिबात नको. मी तसंच करतो. दुपटी मऊ निघतात, हे मान्य करायला मला जड जातं, पण निघतात.

परवा त्यांच्याकडं गेलो होतो. गॅलरीत नवं मशीन. अक्काच्या गुडघ्यांना वाकवत नाही, म्हणून तेही टॉप लोडच. आठ दिवस थांबला नाहीत का, असं मी विचारलं. दाजी म्हणाले, "पस्तीस वर्षं थांबलोच की."

उतारा त्यांनी सोडलाय असं नाही. चहाला अजून विचारतात. पण रोज सकाळी साडेसातला माझा फोन वाजतो आणि पलीकडून एवढंच येतं, "पाव्हणं, आज नग किती?"

आज एकवीस होते.